सुई, अक्षर आणि स्मरण : जेन बोस्टॉकच्या नमुनापटातील चित्राकृतींचे वाचन

प्रस्तावना

समीक्षेच्या परिभाषेत वस्त्रव्यवहारातील शब्द सर्रास वापरले जातात. कथानकाची वीण, आशयाचे पदर, अनुभवाचे धागे, निवेदनाची गुंफण हे शब्दप्रयोग आता इतके रुळले आहेत की त्यांतील रूपक जाणवेनासे झाले आहे. पाश्चात्त्य भाषांतही ‘टेक्स्ट’ आणि ‘टेक्स्टाइल’ ही दोन्ही पदे विणणे या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून निघाली आहेत. मात्र रूपक म्हणून वस्त्र स्वीकारणारी समीक्षा प्रत्यक्ष वस्त्राकडे, विशेषतः स्त्रियांनी घरात बसून भरलेल्या कापडाकडे, संहिता म्हणून क्वचितच वळते. असे कापड ‘हस्तकला’ किंवा ‘गृहकौशल्य’ या सदरात टाकले जाते आणि तेथेच त्याचा विचार संपतो. लिहिणारी स्त्री लेखिका ठरते, भरतकाम करणारी मात्र ‘कुशल’ ठरते. या दोन विशेषणांतील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या विवेचनासाठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील एक भरतवस्त्र येथे निवडले आहे. जेन बोस्टॉक या स्त्रीने १५९८ मध्ये पूर्ण केलेला हा ‘सॅम्पलर’ ज्ञात ब्रिटिश सॅम्पलरांपैकी सालाची नोंद असलेला सर्वांत जुना मानला जातो. १९६० मध्ये तो संग्रहालयाकडे आला. ‘सॅम्पलर’ या संज्ञेसाठी प्रस्तुत लेखात ‘नमुनापट’ हा शब्द योजला आहे. या पटावरील प्राणी, वनस्पती, अक्षरे व नोंद यांचे परस्परसंबंध तपासणे आणि त्या आधारे अशा वस्त्रांच्या प्रचलित वाचनांची चिकित्सा करणे, अशी या लेखाची व्याप्ती आहे.

१. नमुनापट : संज्ञा व परंपरा

‘सॅम्पलर’ हा शब्द ‘उदाहरण’, ‘आदर्श’ या अर्थाच्या लॅटिन ‘एक्झेम्प्लम’ या शब्दापासून जुन्या फ्रेंच भाषेमार्गे इंग्रजीत आला. या व्युत्पत्तीतच त्याचे मूळ प्रयोजन सूचित होते. छापील नमुने सहज उपलब्ध नव्हते त्या काळात दुसरीकडे पाहिलेला टाका, वेल किंवा प्राण्याची आकृती विसरू नये म्हणून स्त्रिया ती कापडाच्या तुकड्यावर उतरवून ठेवीत. आकृती पूर्ण करण्याची गरज नसे. वेलीची दोन-तीन वळणे भरली की पुढची लक्षात येत. अर्थात नमुनापट ही प्रारंभी भिंतीवर टांगण्याची शोभेची वस्तू नव्हती, ती भरतकाम करणारीची टिपणवही होती.

या परंपरेचे लेखी पुरावे सोळाव्या शतकाच्या आरंभापासून मिळतात. सातव्या हेन्रीची राणी एलिझाबेथ ऑफ यॉर्क हिच्या १५०२ मधील खर्चाच्या हिशेबात राणीच्या नमुनापटासाठी घेतलेल्या लिननच्या कापडापोटी आठ पेन्स दिल्याची नोंद आहे. १५४६ मध्ये लिंकनशायरमधील मार्गारेट टॉम्सन या स्त्रीने आपल्या मृत्युपत्रात स्वतःचा नमुनापट भाचीच्या नावे केला. या दोन नोंदींतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. नमुनापट केवळ लहान मुलींचा अभ्यास नव्हता, प्रौढ स्त्रिया व राण्याही तो बाळगत. दुसरे म्हणजे त्याला वारसाहक्काने देण्याइतके मोल होते, आणि हा वारसा एका स्त्रीकडून दुसऱ्या स्त्रीकडे जात होता.

सोळाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जर्मनीत भरतकामाच्या नमुन्यांची छापील पुस्तके निघू लागली. पुढे फेदेरिको व्हिंचिओलो याचे पुस्तक १५८७ मध्ये पॅरिसमध्ये, तर योहान सीबमाखर याचे पुस्तक १५९७ मध्ये न्यूरेम्बर्ग येथे प्रसिद्ध झाले. छापील नमुने हाती आल्यावर टिपणवही म्हणून नमुनापटाची निकड हळूहळू कमी झाली आणि तो कौशल्याचे प्रमाणपत्र बनू लागला. सतराव्या शतकात लांब, अरुंद व आडव्या पट्ट्यांनी भरलेले नमुनापट रूढ झाले. अठराव्या शतकात त्यांना चौकट आली, मध्यभागी घर, बाग, आदम-ईव्ह आणि धर्मपर पद्ये आली आणि पट भिंतीवर गेला. जेनचा पट या संक्रमणाच्या उंबरठ्यावर उभा आहे. तो टिपणवहीही आहे आणि स्मरणचिन्हही. त्याचे समीक्षात्मक महत्त्व त्याच्या प्राचीनत्वापेक्षा या दुहेरीपणात अधिक आहे.

२. पटाची रचना

हा पट आकाराने लहान आहे. त्याची लांबी दीड फुटाहूनही कमी आहे. लिननच्या कापडावर रंगीत रेशीम व धातूचे तार वापरून तो भरला आहे. टीप, साखळी टाका, भरीव टाका, काजाचा टाका, गाठीचे टाके, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा फुलीचा इटालियन प्रकार अशा अनेक टाक्यांचा त्यात वापर आहे. काही टाके कापडाला केवळ कडेने धरून असतात आणि त्यांचा मधला भाग कापडापासून सुटा राहतो. सपाट पृष्ठभागावर उठाव आणणारे हे तंत्र एलिझाबेथकालीन भरतकामाचे वैशिष्ट्य होय.

रचनेच्या दृष्टीने पटाचे तीन घटक दिसतात. वरच्या भागात प्राण्यांच्या व झाडांच्या सुट्या आकृत्या विखुरल्या आहेत. कुत्रा, हरिण, सिंह, साखळीने बांधलेले अस्वल अशी ही मंडळी आहेत. त्यांच्यालगत अक्षरमाला व नोंद येते. खालच्या भागात वेली, फुले आणि भूमितीय जाळ्यांचे नमुने एकाला एक लागून भरले आहेत. चित्र, अक्षर आणि नक्षी या तीन चिन्हव्यवस्था एकाच कापडावर नांदतात आणि त्यांच्यात कोणतीही उतरंड दिसत नाही. ग्रंथात चित्र हे मजकुराचे अलंकरण असते. येथे अक्षरही इतर आकृत्यांसारखेच टाके मोजून उभे केले आहे.

ही बाब तपशिलाने पाहण्याजोगी आहे. लेखणीने अक्षर काढताना हात वळणावरून सरकतो. सुईने अक्षर काढताना कापडाचे उभे-आडवे धागे मोजावे लागतात. प्रत्येक अक्षराची उंची, रुंदी आणि दोन अक्षरांतील अंतर आधी गणितात बसवावे लागते. ओळ किती जागा घेईल याचा अंदाज चुकला तर शब्द मध्येच तुटतो. म्हणून सुईने लिहिलेले वाक्य हे उत्स्फूर्त उद्गार नसते. त्यातील प्रत्येक शब्द अक्षरशः मोजून घेतलेला असतो. जेनने काय लिहिले याचा विचार करताना हे भान आवश्यक आहे. जे विधान करण्यासाठी इतके श्रम पडतात, त्यात अनावश्यक शब्द राहण्याची शक्यता कमी असते.

३. प्राणी व वनस्पती : आकृतिबंधांचा स्रोत

वरच्या भागातील प्राणी निसर्गनिरीक्षणातून आलेले नाहीत. त्यांचे स्रोत मुख्यतः दोन होते. पहिला, उमराव घराण्यांची कुलचिन्हे. दुसरा, छापील प्राणिग्रंथ व वनस्पतिग्रंथ. कोनराड गेस्नर याच्या १५५१ पासून प्रसिद्ध झालेल्या प्राणिविषयक ग्रंथातील लाकडी ठशांची चित्रे भरतकामासाठी आधार म्हणून वापरली जात. स्कॉटलंडची राणी मेरी हिने कैदेत असताना श्रूसबरीची काउंटेस बेस ऑफ हार्डविक हिच्यासमवेत केलेल्या, आज ‘ऑक्सबर्ग हँगिंग्ज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भरतकामातील अनेक प्राणी या ग्रंथावरून घेतलेले आहेत. म्हणजे विद्वानांसाठी लॅटिनमध्ये लिहिलेला ग्रंथ सुईच्या वाटेने स्त्रियांच्या दालनात पोहोचत होता. ज्ञानाचा हा प्रवास विद्यापीठाच्या इतिहासात नोंदला जात नाही.

साखळीतल्या अस्वलाला त्या काळी दोन स्पष्ट संदर्भ होते. अस्वल आणि खुंटाळलेली काठी हे वॉरिकच्या अर्लांचे प्रसिद्ध कुलचिन्ह होते. त्याचबरोबर खांबाला साखळीने बांधलेल्या अस्वलावर कुत्रे सोडण्याचा खेळ एलिझाबेथकालीन लंडनमध्ये नाटकाइतकाच लोकप्रिय होता. पटावरील अस्वल यांपैकी नेमके कोणते, याचा निवाडा करण्यापेक्षा एक गोष्ट लक्षात घेणे अधिक फलदायी ठरते. हरिण, शिकारी कुत्रा, सिंह व अस्वल हे सारे शिकार, सत्ता आणि वंशप्रतिष्ठा यांच्या पुरुषी जगातले प्राणी आहेत. ते जेव्हा सुट्या आकृत्या म्हणून कापडावर येतात तेव्हा शिकारीचे कथानक गळून पडते. कुत्रा हरणाच्या मागे धावत नाही. दोघेही एकाच पातळीवर, एकमेकांची दखल न घेता उभे असतात. शब्दकोशात शेजारी आलेल्या दोन शब्दांत जसे वैर नसते तसेच हे आहे. या पटाचा वरचा भाग म्हणूनच चित्र नसून चित्रकोश आहे, आणि त्याचे वाचनही कोश वाचण्याच्या रीतीने करावयास हवे.

आकृतिबंधांच्या अर्थाबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. सतराव्या शतकातील अनेक नमुनापटांवर हात उंचावून उभ्या असलेल्या, हातात फूल किंवा तत्सम वस्तू धरलेल्या छोट्या पुरुषाकृती आढळतात. त्यांच्या पवित्र्यामुळे पुढील काळातील संग्राहकांनी त्यांना ‘बॉक्सर’ असे नाव दिले. अभ्यासकांनी त्यांचा माग घेतला असता त्या मूळच्या प्रियकराच्या आकृती असल्याचे दिसून आले. प्रेयसीला भेट देणारा पुरुष एका पटावरून दुसऱ्या पटावर उतरताना बदलत गेला, प्रेयसीचे रूपांतर झाडासारख्या आकृतीत झाले आणि भेट देणारा हात मुष्टियोद्ध्याचा हात वाटू लागला. हस्तलिखितांच्या पाठपरंपरेत जसे नकलकारांमुळे पाठभेद उद्भवतात, तसेच येथेही घडले. फरक इतकाच की हस्तलिखितांच्या पाठभेदांसाठी पाठचिकित्सेचे शास्त्र उभे राहिले, तर सुईच्या पाठभेदांना केवळ एक गमतीचे नाव मिळाले.

४. जन्मनोंद : दोन नावांची संहिता

या पटाला कोशाच्या पातळीवरून संहितेच्या पातळीवर नेते ती त्यावरील नोंद. ॲलिस ली हिचा जन्म २३ नोव्हेंबर १५९६ रोजी, मंगळवारी, दुपारनंतर झाला, असा तिचा आशय आहे. त्यासोबत जेन बोस्टॉक हे नाव आणि १५९८ हे साल येते. तत्कालीन रूढीनुसार ‘आय’ आणि ‘जे’ ही वेगळी अक्षरे मानली जात नसत. त्यामुळे जेनचे नाव ‘आय’ने सुरू होते.

नोंदीची विश्वसनीयता तपासता येते. इंग्लंडने ग्रेगरियन कालगणना १७५२ मध्ये स्वीकारली, त्यापूर्वी तेथे ज्युलियन कालगणना चालू होती. त्या गणनेने २३ नोव्हेंबर १५९६ हा दिवस मंगळवारच येतो. म्हणजे दोन वर्षे लोटल्यानंतर भरलेली ही नोंद ऐकीव किंवा अंदाजे नाही. वार आणि वेळ कोणीतरी जपून ठेवली होती.

या तपशिलाचे महत्त्व तत्कालीन नोंदव्यवस्थेशी ताडून पाहिल्यास कळते. इंग्लंडमध्ये १५३८ पासून चर्चच्या पॅरिश नोंदवह्या ठेवण्याचा आदेश होता. जेनने पट पूर्ण केला त्याच वर्षी, १५९८ मध्ये, या नोंदी टिकाऊ चर्मपत्रावर उतरवून ठेवण्याच्या आदेशास राणीची मान्यता मिळाली. परंतु या वह्यांत प्रामुख्याने बाप्तिस्म्याची नोंद होई, जन्माची नव्हे. मूल चर्चमध्ये आणले गेले तो दिवस संस्थेच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. ते प्रत्यक्ष जन्मले ती वेळ बाळंतिणीच्या खोलीतील स्त्रियांना ठाऊक असे. जेनचा पट ही दुसऱ्या प्रकारची वेळ नोंदवतो. एकीकडे पाद्र्याच्या हातची, चर्मपत्रावरील, बाप्तिस्म्याची नोंद आणि दुसरीकडे स्त्रीच्या हातची, लिननवरील, जन्माची नोंद. दोन्हींचा काळ एक, दोन्हींचा हेतू टिकाऊपणा, पण इतिहासलेखनात ‘दस्तऐवज’ ही पदवी दीर्घकाळ पहिलीलाच मिळाली. जन्माचा वार व प्रहर टिपण्यामागे ज्योतिषाचा संदर्भही असू शकतो. कुंडली मांडण्यासाठी जन्मवेळ विचारण्याची प्रथा त्या काळच्या इंग्लंडमध्ये होती. मराठी वाचकाला जन्मटिपणाची परंपरा परिचित असल्याने या नोंदीचे स्वरूप त्याला सहज उमगेल.

नोंदीतील अनुपस्थिती तितकीच बोलकी आहे. येथे मुलीच्या पित्याचे नाव नाही, मातेचेही नाही. नावे दोनच आहेत, जन्मलेलीचे आणि भरणारीचे. आडनावे पितृकुळाची आहेत हे खरे आणि त्यामुळे वंशव्यवस्था अनुपस्थित आहे असे म्हणता येत नाही. तरीही त्या व्यवस्थेच्या भाषेत जन्माची नोंद म्हणजे ‘अमक्याची कन्या’ अशी असते. तो ‘ची’ हा प्रत्यय येथे गळालेला आहे. १५९८ मध्ये ॲलिस जेमतेम दोन वर्षांची होती. तिला ही नोंद वाचता येणे शक्यच नव्हते. म्हणून या संहितेची अपेक्षित वाचक ही भविष्यातील ॲलिस आहे. ती मोठी होईल, अक्षरे शिकेल, सुई हाती धरेल आणि तेव्हा हाच पट तिला टाके शिकवील आणि ती कधी जन्मली हेही सांगेल. कोश आणि नोंद या पटावर एकत्र का आले याचे उत्तर या वाचनात मिळते. शिकवणे आणि स्मरण ठेवणे ही येथे दोन कामे नाहीत.

५. उसवलेल्या आकृत्या

पटावर काही आकृत्या भरून पुन्हा उसवल्याच्या खुणा अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत. सुईने पडलेली छिद्रे आकृतीची बाह्यरेषा सांगतात. त्यांत पाठीवर मनोरा घेतलेला हत्ती आहे. या हत्तीचे कूळ मनोरंजक आहे. मध्ययुगीन युरोपीय प्राणिकथांच्या हस्तलिखितांत पूर्वेकडील युद्धांत हत्तीच्या पाठीवर योद्ध्यांनी भरलेला लाकडी मनोरा असतो, असे वर्णन व चित्र वारंवार येते. हौद्याची ऐकीव माहिती दगडी बुरुजाच्या रूपात रेखाटली गेली आणि तीच प्रतिमा रूढ झाली. फ्रान्सच्या नवव्या लुईने तिसऱ्या हेन्रीला १२५५ मध्ये भेट दिलेला हत्ती लंडनच्या टॉवरमध्ये काही काळ होता, पण चित्रपरंपरेवर प्रत्यक्ष हत्तीपेक्षा ग्रंथातल्या हत्तीचाच पगडा राहिला. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ती १६०० च्या डिसेंबरअखेर. म्हणजे जेनच्या सुईखाली आलेला हत्ती हा व्यापारपूर्व काळातील, केवळ प्रतिमेतून आलेला पूर्वेचा प्राणी आहे. या तपशिलाला वसाहतवादाच्या चौकटीत घाईने बसवणे कालविपर्यास ठरेल.

समीक्षेच्या दृष्टीने मात्र उसवण्याची क्रिया अधिक अर्थपूर्ण आहे. लेखकाच्या खोडाखोडीवरून निर्मितिप्रक्रियेचा शोध घेणे ही साहित्यसंशोधनातील प्रतिष्ठित पद्धती आहे. कवीने खोडलेल्या ओळीवर प्रबंध लिहिले जातात. उसवलेला टाका हा त्याच जातीचा पुरावा होय. तो सांगतो की या पटामागे निवड आहे, पुनर्विचार आहे, जागेच्या मांडणीचा निर्णय आहे. केवळ आज्ञाधारक हाताने गिरवलेल्या धड्यात असा पुनर्विचार अपेक्षित नसतो. ‘कुशल’ या विशेषणात न मावणारे काही येथे घडले आहे, याचा हा भौतिक पुरावा आहे.

६. प्रचलित वाचनांची चिकित्सा

नमुनापटांच्या अभ्यासाची तीन वळणे स्थूलमानाने दाखविता येतात. मार्कस ह्यूश याच्या १९०० मधील ग्रंथापासून पुढे बराच काळ संग्राहकाची दृष्टी प्रभावी होती. साल, टाके, स्थिती, दुर्मिळता यांची नोंद करणे हे तिचे कार्य. तिच्यामुळे शेकडो पट नष्ट होण्यापासून वाचले आणि त्यांची वर्गवारी शक्य झाली. परंतु पट भरणारी व्यक्ती या दृष्टीत ‘गोड, निरागस बालिका’ याहून अधिक काही नसते.

दुसरे वळण रोझिका पार्कर यांच्या ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ या १९८४ मधील ग्रंथाने आले. भरतकाम हे स्त्रीत्व घडवण्याचे साधन होते आणि त्याच वेळी त्या स्त्रीत्वाच्या मर्यादांशी वाटाघाट करण्याचेही साधन होते, ही त्यांची मांडणी मूलगामी आहे. मान खाली, नजर सुईवर, तोंड बंद ही बसण्याची रीतच मुलीला आज्ञाधारकता शिकवते, हे त्यांच्या विवेचनामुळे प्रथमच ठळकपणे पुढे आले. मात्र या मांडणीचे उपयोजन करताना अनेकांनी तिचा पूर्वार्ध विसरून उत्तरार्धच उचलला आणि प्रत्येक टाक्यात बंडखोरी शोधली. जेनच्या पटात बंड नाही. तेथे महाग रेशीम व धातूचे तार आहेत, फुरसत आहे, सुखवस्तू घराच्या खुणा आहेत. या पटाला विद्रोहाचे लेबल लावल्याने त्याचा गौरव होत नाही. स्त्रीची निर्मिती दखलपात्र ठरण्यासाठी ती विद्रोहीच असली पाहिजे, असा एक नवा निकष मात्र त्यातून तयार होतो.

तिसरे वळण ॲन रोझलिंड जोन्स व पीटर स्टॅलीब्रास यांचा २००० मधील ग्रंथ आणि सुझन फ्राय यांचा ‘पेन्स अँड नीडल्स’ हा २०१० मधील ग्रंथ यांत दिसते. सुई व लेखणी ही परस्परविरोधी साधने न मानता स्त्रियांच्या संहितानिर्मितीची दोन साधने मानावीत, ही त्यांची दिशा. प्रस्तुत विवेचन या दिशेला जवळचे आहे. तथापि येथेही एक धोका संभवतो. सर्वच वस्त्र ‘संहिता’ ठरवल्यास त्यामागील श्रम, दृष्टीवर पडणारा ताण आणि वर्गभेद अदृश्य होतात.

वर्गभेदाचा हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी त्याच संग्रहालयातील दुसरा पट उपयोगी पडतो. ससेक्समधील एलिझाबेथ पार्कर हिने १८३० च्या सुमारास भरलेल्या या पटावर एकही चित्राकृती नाही. लिननवर लाल रेशमाने, फुलीच्या टाक्याने, तिने केवळ मजकूर भरला आहे. घरकामाच्या नोकरीत सोसलेली क्रूर वागणूक, आत्महत्येचा मोह, त्याबद्दलची पापभावना हे सारे त्यात आहे आणि मजकूर वाक्याच्या मध्येच थांबतो. आपल्याला लिहिता येत नाही म्हणून हे असे मांडत आहोत, असे ती आरंभीच सांगते. मोलकरणींना हा फुलीचा टाका शिकवला जाई तो मालकाच्या घरातील चादरी व टॉवेलांवर त्याची आद्याक्षरे भरता यावीत म्हणून. मालकीची खूण उमटवण्यासाठी दिलेले अक्षर एलिझाबेथने स्वतःची व्यथा सांगण्यासाठी वापरले. पार्कर यांच्या सिद्धान्ताला खरे उदाहरण हवे असेल तर ते येथे आहे.

जेनच्या पटावर चित्रांची गर्दी आहे आणि नोंद त्रोटक आहे. एलिझाबेथच्या पटावर चित्र नाही आणि शब्द थांबत नाहीत. एकीकडे जन्माचा आनंद, दुसरीकडे मरणाची इच्छा. एकाच माध्यमातील या दोन टोकांना ‘स्त्रियांचे भरतकाम’ या एकाच सदरात बसवणारी समीक्षा दोघींवरही अन्याय करते.

७. मराठी संदर्भात काही विचार

मराठीतील लोकसाहित्याच्या अभ्यासाने जात्यावरच्या ओवीला स्त्रीच्या अभिव्यक्तीचे स्थान मिळवून दिले. सरोजिनी बाबर यांचे संपादनकार्य आणि पुढे हेमा राईरकर व गी पॉइत्व्हँ यांनी उभा केलेला ओव्यांचा प्रचंड संग्रह यांमुळे निरक्षर मानल्या गेलेल्या स्त्रियांची वाणी अभ्यासक्रमापर्यंत पोहोचली. ओवी शब्दांत असल्याने साहित्याच्या अभ्यासकाला ती ओळखता आली. गोधडी, कुंची, रुखवतातील भरतकाम, शिवणवर्गातील टाक्यांच्या नमुन्यांची वही यांना मात्र तसा वाचक मिळालेला नाही.

यांतील शेवटची वस्तू नमुनापटाची थेट सजातीय आहे. कापडाच्या छोट्या तुकड्यांवर एकेक टाका भरून, खाली त्याचे नाव लिहून तयार केलेल्या अशा वह्या अनेक घरांत होत्या. परीक्षा संपली की त्यांचे प्रयोजनही संपले, असे मानले गेले. रुखवतातील कापडावर हरणांच्या जोड्या, मोर, पोपट, कलश, स्वागताचे शब्द येतात. हे आकृतिबंध कोठून आले, कोणत्या छापील पुस्तकावरून उतरले, कोणत्या घरातून कोणत्या घरात गेले आणि वाटेत कसे बदलले, हा पाठचिकित्सेचाच प्रश्न आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थेने घरगुती वस्तूंना संग्रहमूल्य असते हे दाखवून दिले. आता अशा वस्तूंना वाचनमूल्यही असते, हे दाखवणे हे महाविद्यालयीन मराठी, इतिहास व गृहविज्ञान विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगे काम आहे. विद्यार्थिनींच्या घरांतून अशा कापडांची छायाचित्रे, भरणारीचे नाव, नमुना कोणाकडून मिळाला याची माहिती संकलित करणे हा अल्पखर्चिक आणि मूलभूत स्वरूपाचा प्रकल्प ठरेल. यासाठी फार वेळ हातात नाही. कापडाला कसर लागते आणि ते भरणाऱ्या स्त्रिया वृद्ध होत आहेत.

अशा संकलनात एक पथ्य पाळावे लागेल. इंग्रजी नमुनापटांच्या इतिहासाची चौकट येथे जशीच्या तशी लावता येणार नाही. येथील भरतकामाला जात, प्रदेश व व्यवसाय यांचे वेगळे संदर्भ आहेत. बंजारा स्त्रियांच्या कशिद्याचा विचार आणि शहरी मध्यमवर्गीय रुखवताचा विचार एकाच मापाने करता येत नाही. जेनच्या पटाकडून घ्यावयाचा आहे तो निष्कर्ष नव्हे, तर प्रश्न विचारण्याची रीत.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील बाबी हाती येतात. पहिली, जेन बोस्टॉकच्या पटावरील प्राणी व वनस्पती हे प्रसंगचित्र नसून चित्रकोश आहे आणि त्याचा अर्थ आकृत्यांच्या सहअस्तित्वात शोधावा लागतो. दुसरी, त्यावरील जन्मनोंद ही अधिकृत नोंदव्यवस्थेने वगळलेली वेळ जतन करते आणि त्यामुळे पटाला दस्तऐवजाचे मूल्य प्राप्त होते. तिसरी, उसवलेल्या आकृत्या हा निर्मितिप्रक्रियेतील निवडीचा पुरावा आहे. चौथी, ‘आज्ञाधारकता की विद्रोह’ हे द्वंद्व या पटाला अपुरे पडते. ‘स्मरण’ ही तिसरी कोटी मान्य केल्यासच त्याचे नेमके स्वरूप कळते.

मार्था एडलिन या मुलीने १६६८ मध्ये रंगीत नमुनापट, १६६९ मध्ये पांढऱ्या भरतकामाचा नमुनापट आणि १६७१ मध्ये भरतकामाने मढवलेली पेटी तयार केली. तिच्या या वस्तू तीनशे वर्षांहून अधिक काळ तिच्या वंशातील स्त्रियांनी जपल्या. ग्रंथालय नाही, अभिलेखागार नाही, अनुदान नाही, तरीही एक संग्रह पिढ्यान्‌पिढ्या टिकला. ज्यांनी तो टिकवला त्यांना त्या वस्तूंचे मोल कळत होते. समीक्षेला ते कळण्यास उशीर झाला आहे, इतकेच यावरून म्हणता येईल.